कोरिया बघा म्हणे

आज सकाळी सकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मित्रानं फॉरवर्ड टाकला. चीन बघा, जपान बघा, कोरिया बघा, बारा-बारा तास राबले म्हणून पुढं गेले, आणि आपली माणसं सहा वाजले की बॅग उचलतात. खाली २८ अंगठे. मी तेव्हा गप्प बसलो, पण दिवसभर डोक्यातनं जाईना, म्हणून आता कंपनीच्या बसमध्ये बसून टाइप करतोय.

हा मित्र माझ्यासारखाच इचलकरंजीचा. त्याच्या वडिलांचा यंत्रमागांचा कारखाना होता, माझे बाबा त्या कारखान्यात होते. एवढाच फरक.

बारा तासांची पाळी काय असते ते बघायला मला कोरियाला जायची गरज नाही. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, मजुरी पिकावर, म्हणजे कापडात किती आडवे धागे विणले त्यावर, माग बंद तर पैसे बंद. त्या खडखडाटात बाबांनी तीस वर्षं काढली. घरी आले की ओरडूनच बोलायचे, साधं 'पाणी दे' पण ओरडून. मला वाटायचं हा माणूस कायम चिडलेलाच. या मित्राच्या घरी गेलो की त्याचे वडील एवढं हळू बोलायचे, वाटायचं काय प्रेमळ माणूस आहे राव! बाबांना ऐकूच कमी येतं हे कळलं तेव्हा मी डिप्लोमाला होतो.

आता बघूया कोरिया. १९७० साली सोलमध्ये चॉन ते-इल नावाच्या २२ वर्षांच्या शिलाई कामगारानं, आहे तो कामगार कायदा तरी पाळा म्हणत स्वतःला पेटवून घेतलं. त्याच कोरियानं २०१८ मध्ये आठवड्याचे कमाल तास ६८ वरनं ५२ वर आणले. २०२३ ला सरकार ६९ करायला निघालं तर तिथली तरुण पोरं अशी खवळली की माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी तिथला जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी मुलं, ०.७२, जगात सगळ्यात कमी. पोरं जन्माला घालायला माणूस घरी तर पाहिजे ना. चीनमध्ये सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस, याला अलीबाबा कंपनीचे संस्थापक जॅक मा वरदान म्हणाले होते, २०२१ ला त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. आणि जपान? कामानं मरण्याला त्या भाषेत वेगळा शब्द आहे, करोशी. फॉरवर्डात यातलं काही नाही.

राबून हे देश श्रीमंत झाले हे खोटं नाही, झाले. पण कोरिया-जपाननं आधी कुळांना जमिनी दिल्या, पोरं शाळेत घातली. ते कोण फॉरवर्ड करणार?

आणि आपल्याकडं सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातले रोजचे तास ९ चे १२ करायला मंजुरी दिली. बरं बाबा, आठवड्याचे तास ४८ च, जादा कामाला ओव्हरटाइम, कामगाराची संमती लागणार, मान्य. पण संमती! बाबांना विचारलं असतं तर ते दोन वेळा 'हो' म्हणाले असते. माग बंद तर पैसे बंद. तमिळनाडूत २०२३ ला असंच बारा तासांचं विधेयक आणलेलं, मित्रपक्षच उठले आणि मे दिनाला सरकारनं मागं घेतलं. आपल्याकडं २८ अंगठे.

मित्रा, तू हे वाचशीलच. तू वाईट नाहीस. माझ्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची फी तुझ्या वडिलांनी उसनी दिली होती, ते मी विसरलो नाही. बाबांनी ती जादा पाळ्या करून फेडली, हे तुला माहीत नसेल.

मगाशी मध्येच टायपिंग थांबवून बाबांना फोन लावला. कानाचं मशीन घेऊन दिलंय पण घालत नाहीत, डोक्यात परत माग सुरू होतो म्हणतात. म्हटलं, बाबा, बारा तास परत येणारेत म्हणे.

"कोण येणारे?"

मग मी ओरडून सांगितलं. सगळी बस माझ्याकडं बघायला लागली.