युरोपचा नियम, आपला कोळसा आणि फॉरवर्डचं गणित

‘युरोपातला कोळसा गंधकाने भरलेला, म्हणून तिकडे एफजीडी लागतं. आपला कोळसा स्वच्छ. तरी 2015 मध्ये साहेबलोकांनी युरोपचा नियम जसाच्या तसा उचलला आणि बिल तुमच्या माथी मारलं.’ जुलै 2025 मध्ये केंद्राने बहुतेक औष्णिक संचांना एफजीडीतून सूट दिली, तेव्हापासून हा मजकूर जोरात फिरतोय. चंद्रपूरच्या वीज केंद्राचा धूर रोज बघणाऱ्या मामांनीही तो ‘बघ, आपला धूर निरुपद्रवी’ म्हणून पाठवला, तेव्हा म्हटलं, आता एकदा नीट हिशोब मांडूच.

एफजीडी म्हणजे धूर चिमणीत जाण्याआधी त्यातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा. धुळीसाठी ईएसपी असतं, ते वेगळं. ईएसपी राख पकडतं, वायू पकडत नाही. ‘आमच्याकडे फिल्टर आहेतच’ म्हणणारे या दोहोंत सर्रास गल्लत करतात.

आता मुख्य दावा. भारतीय कोळशात गंधक कमी, हे खरंच आहे. आसामचा कोळसा सोडला तर बहुतेक कोळशात ते अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. पण मर्यादा कोळशातल्या गंधकावर नाही, धुरावर आहे: एका घनमीटर धुरात किती मिलिग्रॅम. म्हणून हिशोब धुराचा करायचा.

एक किलो कोळसा घ्या, 0.4 टक्के गंधकाचा. त्यात गंधक 4 ग्रॅम, जळल्यावर सल्फर डायऑक्साइड 8 ग्रॅम. हा कोळसा साधारण 3,600 किलोकॅलरीचा, म्हणजे 15 मेगाज्यूल. एवढ्या उष्णतेमागे 6 टक्के ऑक्सिजनच्या हिशोबाने कोरडा धूर निघतो सव्वापाच घनमीटरच्या आसपास. 8 ग्रॅम भागिले सव्वापाच म्हणजे घनमीटरमागे सुमारे 1,500 मिलिग्रॅम. थोडं गंधक राखेत अडकतं, तेवढं वजा केलं तरी 1,350 ते 1,450 उरतात. आपल्याच 2015 च्या अधिसूचनेतली मर्यादा 2016 पर्यंतच्या 500 मेगावॉट आणि त्यावरच्या संचांना 200, लहान संचांना 600, आणि 2017 पासून बसवलेल्या सगळ्यांना 100. ‘स्वच्छ’ कोळशाचा धूर मोठ्या संचाच्या मर्यादेच्या सातपट आहे आणि लहान संचाच्या दुपटीहून जास्त.

यात फसवतं ते कोळशाचं उष्मांकमूल्य. आपल्या कोळशात राख 35-40 टक्के, म्हणून तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळावा लागतो. आपला 3,600 किलोकॅलरीचा 0.4 टक्केवाला कोळसा आणि 6,000 किलोकॅलरीचा 0.67 टक्केवाला कोळसा, दोघांचा धूर गंधकाच्या बाबतीत सारखाच. टक्केवारी सांगायची आणि उष्मांक लपवायचा, ही चलाखी कोळशाच्या धंद्यातल्या माणसाला कळत नसेल असं मी मानत नाही.

आणि कमी गंधकाला एफजीडी नको असतं, तर मुंबईत ट्रॉम्बेला कमी गंधकाच्या इंडोनेशियन कोळशावर चालणाऱ्या केंद्रात ते कशाला बसवलं असतं? डहाणूला 2007 पासून चालू आहे. दोन्ही ठिकाणी समुद्राच्या पाण्याने धूर धुतात. पाण्यातली नैसर्गिक अल्कता (आम्ल मारायची ताकद) सल्फर डायऑक्साइड शोषते, मग त्या पाण्यात हवा सोडून ते परत समुद्रात सोडतात. नेहमीच्या एफजीडीत चुनखडीच्या पाण्याने धूर धुतात आणि जिप्सम उरतं; इथे जिप्सम नाही, चुनखडी नाही. ही सोय किनाऱ्यावरच होते, चंद्रपूर-कोराडीला नाही, हे कबूल. पण हे युरोपचं कोणतंही बिल येण्याआधी, 2015 च्या किती तरी आधी, महाराष्ट्रात उभं राहिलंय.

आता सगळ्यात घातक मुद्दा: ‘केंद्राजवळच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मोजा, मर्यादेच्या आतच सापडेल. मग नुकसान कसलं?’ सापडेलच. आपली 24 तासांची मर्यादा घनमीटरमागे 80 मायक्रोग्रॅम आहे आणि बहुतेक शहरं तिच्या खूप खाली असतात. कारण चिमणी 220 ते 275 मीटर उंच आहे. ती धूर नाहीसा करत नाही, लांब पाठवते. वाटेत हवेतल्या ऑक्सिडीकारकांशी, ढगांतल्या पाण्याशी आणि अमोनियाशी संयोग होऊन तो वायू अमोनियम सल्फेटचे बारीक कण बनतो. हे काम काही तासांत ते काही दिवसांत होतं, तोवर वाऱ्याने शेकडो किलोमीटर अंतर काटलेलं असतं. 64 ग्रॅम सल्फर डायऑक्साइडपासून 132 ग्रॅम अमोनियम सल्फेट होऊ शकतं, म्हणजे वजन दुप्पट. हे कण पीएम 2.5 मध्ये मोजले जातात, सल्फर डायऑक्साइडच्या रकान्यात नाही. चिमणीच्या पायथ्याशी उभं राहून वायू मोजणं म्हणजे गावाबाहेर नेऊन टाकलेला कचरा स्वतःच्या अंगणात शोधणं. ‘एफजीडी असलेल्या आणि नसलेल्या शहरांत फरकच दिसत नाही’ हा निष्कर्ष याच मोजणीतून निघतो. न निघाला तरच नवल.

‘उंच चिमणी पुरेशी आहे’ हा उपमुद्दाही यातच निकालात निघतो. युरोपने हा प्रयोग स्वतःवर करून पाहिलाय. ब्रिटनने उंच धुराडी बांधली, जवळची हवा सुधारली आणि आम्लवर्षेने नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांतले मासे मेले. त्यातूनच सीमापार हवाप्रदूषणाचा 1979 चा जिनिव्हा करार झाला. जर्मनीने 1983 मध्ये मोठ्या भट्ट्यांना 400 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि 1988 पर्यंत जुन्या केंद्रांवर एफजीडी चढवली. कारण एका देशातली चिमणी दुसऱ्याच्या हवेत धूर सोडते. आपल्याकडे राज्याराज्यांत हेच होतं.

‘युरोपची नक्कल’ म्हणाल तर आकडे जवळ आहेत खरे. युरोपच्या 2010/75 क्रमांकाच्या निर्देशात 300 मेगावॉटहून जास्त औष्णिक क्षमतेच्या जुन्या कोळसा केंद्रांना 200 आणि नव्यांना 150 मिलिग्रॅम आहे. पण चीनने 2011 मध्ये जुन्यांना साधारण 200, नव्यांना 100 आणि 2014 पासून ‘अतिकमी उत्सर्जना’साठी 35 ठेवलं. मग नक्कल नेमकी कोणाची? पस्तिसाचा आकडा मजकुरात कुठेच नाही.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. ‘जिप्समचे डोंगर होतील’: 500 मेगावॉटचा संच ताशी सव्वातीनशे टन कोळसा जाळतो. त्यातून राख निघते शंभर टनांच्या पुढे, आणि एफजीडीचं जिप्सम सहा-साडेसहा टन. त्यासाठी चुनखडी लागते चार-साडेचार टन. राखेचे डोंगर डोळ्यांसमोर असताना जिप्समची काळजी! सिमेंटवाले ते घेतात, आज तर परदेशातून आणतात. अट एकच, ओलावा 10 टक्क्यांच्या आत आणि क्लोराइड धुतलेलं हवं. ईएसपी नीट चालत नसेल तर राख थेट स्लरीत, म्हणजे चुनखडी-पाण्याच्या मिश्रणात, जाते, जिप्सम काळपट होतं, आणि राखेतलं अ‍ॅल्युमिनियम-फ्लोराइड चुनखडीच्या कणांवर बसून तिची अभिक्रियाच मंदावते. मग पीएच 5.2-5.8 वर टिकत नाही, ऑपरेटर चुनखडी वाढवत बसतो, आणि वरच्या थेंब-अडवणाऱ्या जाळ्या गाळाने भरतात. बदनाम एफजीडी होतं, दोष ईएसपीचा असतो.

‘एफजीडीने कार्बन वाढतो’: हो. चुनखडीतून ताशी दीड-पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड, त्याच संचाच्या पावणेपाचशे टनांपुढे. शिवाय यंत्रणा स्वतःच एक ते दीड टक्का वीज खाते. वाढ आहे, पण तेवढीच.

पाण्याचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. चुनखडीच्या ओल्या पद्धतीत धूर 130-140 अंशांवरून 50-55 वर येताना पाणी वाफ होऊन जातं, 500 मेगावॉटमागे ताशी शंभर ते दीडशे घनमीटर. 2013 च्या दुष्काळात परळीचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, तिथे हा प्रश्न कागदी नाही. थंड, ओला धूर जुन्या चिमणीच्या अस्तरावर आम्ल साचवतो, म्हणून अस्तर बदला किंवा नवी चिमणी उभारा. धुराचे नळ जोडायला संच काही आठवडे बंद. खर्च खरा आहे, युनिटमागे 25-30 पैशांची चर्चा होते. 210 मेगावॉटच्या, निवृत्तीला आलेल्या संचावर एवढे पैसे घालणं मलाही पटत नाही.

पण त्याचं उत्तर त्याच युरोपीय निर्देशात लिहून ठेवलंय, आणि मजकूर लिहिणाऱ्याने ते पान वाचलेलं नाही. कलम 33: जुन्या केंद्राला नवी मर्यादा नको असेल तर त्याने आधी लिहून द्यायचं की 1 जानेवारी 2016 ते 31 डिसेंबर 2023 या आठ वर्षांत आम्ही 17,500 तासांहून जास्त चालणार नाही. म्हणजे पूर्ण चालवलं तर अवघी दोन वर्षं. त्याआधीच्या निर्देशातही 20,000 तासांची अशीच सवलत होती. ब्रिटनमध्ये डिडकॉट ए हे कोळसा केंद्र ती घेऊनच 2013 मध्ये बंद झालं. तिथे सूट तासांच्या मीटरवर मिळते. आपण आकडा घेतला आणि मीटर विसरलो. 2017 ची मुदत पुढे ढकलत 2022 वर, मग 2024-26 वर, मग 2027-29 वर नेली, आणि शेवटी सुमारे 78 टक्के संचांना चिमणीच्या उंचीची अट घालून सोडून दिलं. या सोडलेल्या संचांनी किती तास चालायचं, याचा आकडा कुठेच नाही.