'बापाचा तयार गल्ला' लिहिणाऱ्या वाचकाला

नमस्कार. मी कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, करून विकतो, त्यावरून लिहिलेला "हॉटेलला उधार देऊ नका, भाव पाडू नका" हा माझा लेख वाचून तुम्ही वेळ काढून लिहिलंत, आभार. नाव लावलं नाहीत, "मडगावचा एक छोटा धंदेवाला" एवढंच, तेही ठीक. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी इथे देतो: "बापाच्या तयार गल्ल्यावर बसून असले उपदेश करणं सोपं असतं. पावसात हातात पैसा नसताना हॉटेलची ऑर्डर नाकारायची ऐपत किती जणांची असते? 45 दिवसांच्या कायद्याचा उल्लेखसुद्धा नाही. आणि 70 ला पडलेली बाटली 100 ला विकली तर मार्जिन 30 टक्के होतं, 43 नाही. आधी हिशोब शिका, मग शिकवा."

हिशोबाचं पहिलं घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. 43 टक्के हे खर्चावर चढवलेले, विक्रीच्या भावावर धरले तर 30च. चूक माझी, लेखात दुरुस्त केलीय. पण ज्यासाठी ते गणित मांडलं होतं ते कुठे गेलं? 100 ची बाटली 90 ला दिली की 30 चे 20 राहतात, म्हणजे 100 बाटल्यांवर जे सुटायचं तेवढंच सुटायला 150 विकाव्या लागतात, दीडपट फळं, दीडपट मीठ, दीडपट बाटल्या, दीडपट राबणं आणि हातात तेच 3000. हे पटलं की नाही यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. चूक सापडली आणि "शिका, मग शिकवा" म्हणून मोकळे झालात. हेच तुमच्या दुकानात येऊन तुमच्या गिऱ्हाइकांसमोर कुणी तुम्हाला बोललं असतं तर कसं वाटलं असतं?

आता तो 'तयार गल्ला'. खरं सांगतो, ते वाचल्यावर रात्री झोप लागली नाही.

बाबांचं डिचोलीत किराणा दुकान होतं हे मीच पूर्वी एका लेखात लिहिलंय, तिथूनच तुम्ही उचललं असणार. पण दुकान होतं म्हणजे गल्ला भरलेला होता हे कुणी सांगितलं तुम्हाला? डिचोली, साखळी, त्या पट्ट्यातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा 2012 साली काय झालं ते. सप्टेंबरात गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, आणि ज्या रस्त्यावर मिनरलच्या ट्रकांची रांग संपत नव्हती, धुळीने दुकानाची फळी दिवसातून तीनदा पुसावी लागायची, तो रस्ता ओस पडला. आमची गिऱ्हाइकं सगळी त्याच रस्त्यावरची. ट्रकवाले, क्लीनर, गॅरेजवाले, टायर पंक्चरवाला. सगळ्यांचं सामान वहीवर जायचं, ट्रिपांचे पैसे आले की चुकतं व्हायचं, आणि वर्षानुवर्षं चुकतं झालंसुद्धा, म्हणून बाबांना कधी भीती वाटली नाही. खाणी थांबल्या तेव्हा चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठ-दहा दिवसांवर आलेली. लोकांनी चवथीचं सामान नेहमीसारखं वहीवर नेलं, बाबांनी नेहमीसारखं दिलं, सणाला कुणाला नाही म्हणायचं?

ते पैसे आलेच नाहीत. ज्याचा ट्रक दारात उभा, वर बँकेचा हप्ता, त्याच्याकडे नारळ-गुळाचे पैसे मागायला बाबांची जीभ उचलली नाही, पण होलसेलवाला आमच्याकडे मागायला यायचा ना, त्याची काय चूक? आईच्या दोन बांगड्या मोडून त्याचं भागवलं. मी नोकरी सोडून घरी आलो तेव्हा गल्ल्यात सुट्टे पैसे होते आणि गल्ल्याखाली ती वही, तीच मला मिळाली. हो, जागा आमची स्वतःची होती, भाडं द्यावं लागलं नाही, ते नाकारत नाही. मामाच्या कुळागरातली, म्हणजे बागायतीतली, भिरंडं (कोकमाची फळं) सुरुवातीला फुकट मिळाली, तेही नाकारत नाही. पण म्हणून तुम्ही माझ्या बाबांच्या कष्टांना 'तयार गल्ला' म्हणणार? तुम्ही मला ओळखत नाही, बाबांना तर नाहीच नाही. माझ्यावर टीका करा, भाव, हिशोब, बाटलीचं लेबल, काहीही. बापावर जाऊ नका.

आणि 'उधार देऊ नका' हे मी कुठल्या कोर्समध्ये ऐकून लिहिलेलं नाही. आगळ आणि सोलं, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं, करायला लागलो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पहिल्या दिवशी 11 बाटल्या नेल्या, 4 विकल्या. मग किनारपट्टीवरच्या एका हॉटेलची ऑर्डर आली, तेव्हा मीही तुमच्यासारखाच खूश झालो होतो. भाव पाडून मागितला, दिला. एक महिन्याची उधारी म्हणाले, दिली. एप्रिलमध्ये बिलाचे पैसे मागायला गेलो तर मॅनेजर बदललेला, नवा म्हणाला आता ऑफ-सीझन, ऑक्टोबरात या. भिरंडं मिळतात कधी? एप्रिल-मे. पाऊस पडला की फळ सडतं आणि सोलं वाळत नाहीत, म्हणजे वर्षभर विकायचं ते सगळं त्या पाच-सहा आठवड्यांत विकत घ्यायचं, आणि डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या बाईला रोख द्यावे लागतात, तिला काय ऑक्टोबर सांगणार? काजूवाल्यांचंही तेच, बी मार्च ते मे. आपल्याला रोख लागते नेमकी तेव्हाच हॉटेलवाला हात वर करतो. त्या वर्षी मला हवी त्याच्या निम्मीसुद्धा फळं घेता आली नाहीत आणि पुढच्या डिसेंबरात, ऐन सीझनला, माझ्याकडे विकायला माल नव्हता. लेखात हेच सांगायचं होतं, बिल थकतं ते थकतंच, पण पुढच्या वर्षाचा मालही त्याच्यासोबत जातो. यावर बोलला असतात तर बरं वाटलं असतं.

45 दिवसांचा कायदा. माहीत आहे मला. एमएसएमईचा, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा, माल घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे, असेल तरी 45 च्या पुढे नाही, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. 2024 पासून इन्कम टॅक्समध्येही आलंय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर देईपर्यंत घेणाऱ्याला तो खर्च धरता येत नाही. हे सगळं सरकारच्या 'उद्यम' पोर्टलवर नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना, नुसतं घेऊन विकणाऱ्या दुकानदाराला नाही, म्हणजे बाबांना त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. बिलावर उद्यम नंबर छापा, एवढं मी जरूर सांगेन. पण मला एक सांगा, ज्याची ऑर्डर नाकारायची ऐपत नाही म्हणता, त्याच्यावर तक्रार घालायची ऐपत कुठून आणणार? दोन्ही वाक्यं तुमचीच आहेत.

राहिला ऐपतीचा प्रश्न. ऐपत कुणालाच नसते हो, करावी लागते. पावसात टूरिस्ट नसतो पण गोवेकर असतो ना, 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं मोजलीत या राज्यात, ती जून ते सप्टेंबर जेवत नाहीत काय? मी पावसात भाव पाडत नाही, 200 मिलीची छोटी बाटली काढतो. स्टॉलवर आधी एक घोट सोलकढी देतो, मग बोलतो. घेणाऱ्याचा नंबर वहीत, ही वही मात्र मी जपतो, आणि चवथीच्या पंधरा दिवस आधी प्रत्येकाला स्वतः फोन, नुसता व्हॉट्सअॅप मेसेज नाही. पहिल्या वर्षी हे जमलं नव्हतं, दुसऱ्या वर्षी थोडं जमलं. याहून जास्त आता लिहीत नाही, मूळ लेखात आहे, परत वाचा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही, मात्र पुढच्या वेळी नाव लावून लिहा. दर शुक्रवारी मी म्हापशाच्या बाजारात असतो. बोलायचं असेल तर आठच्या आधी या, नंतर गिऱ्हाइकं असतात.