सातच गिअर?

परवा शनिवारी सायकलच्या दुकानात एका आठेक वर्षांच्या पोराने माझी अब्रू काढली. अजून डोक्यातून जात नाहीये.

माझी सायकल घडीची, २० इंची चाकांची. घर कोथरूडला, ऑफिस बावधनला आणि मध्ये चांदणी चौकाचा चढ. पुढच्या चक्राला ५२ दाते, मागच्या सगळ्यात मोठ्याला २८, म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल पावणेतीन मीटर पळायला बघते, सपाटीला मजा येते पण चढावर गुडघे शिव्या घालतात. मागे ३४ दात्यांपर्यंतचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा जुडगा, टाकलं की तोच फेरा सव्वादोनच्या आसपास येतो. अर्ध्या तासाचं काम, अकराशे रुपये, असं दुकानदार म्हणाला.

फ्रीव्हील निघेना. ते आट्यांवर बसतं आणि पायडल मारू तसं अजून आवळत जातं, म्हणजे तीन वर्षं मी रोज इमानेइतबारे तेच करत होतो. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्फोट करून पाडला तेव्हा सांगाडा उभाच राहिला आणि शेवटी पोकलेन लावावे लागले, तसला प्रकार. पाना व्हाइसच्या शिकंज्यात आवळून दोन पोरं माझं चाक ट्रकच्या स्टिअरिंगसारखं फिरवत होती.

तेवढ्यात हवा भरायला आजी आणि नातू आले.

"काका, ही तुमच्या मुलाची आहे?"

"नाही रे, माझीच."

"मग लहान का घेतली?"

"असं विचारू नये मोठ्यांना," आजी म्हणाल्या. मला बरं वाटलं. मग माझ्याकडे वळून, "पण खरंच हो, लहान का घेतली?"

मी म्हटलं, घडी होते, लिफ्टमध्ये मावते. करून दाखवणार होतो, पण मागचं चाक व्हाइसमध्ये.

"किती गिअर आहेत?" नातू.

"सात."

"सातच? माझ्याला एकवीस आहेत. आणि आता किती होणार?"

"सातच."

पोरगं माझ्याकडे बघत राहिलं. "मग बदलताय कशाला?"

मी आजींनाच समजवायला गेलो, की बघा, आत्ता २८ दाते आहेत, आता ३४ बसवणार.

"बसवून घ्या, बसवून घ्या. आमच्या ह्यांनीपण गेल्या वर्षी बसवले. त्यांचे काढता येतात." मग व्हाइसकडे नजर टाकून म्हणाल्या, "तुमचे निघत नाहीयेत वाटतं."

दुकानातली पोरं चाक सोडून हसायला लागली. हसायचे पैसे बिलात धरले नसतील अशी आशा आहे, कारण बिल झालं ३४०० रुपये. जुना डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ३४ दात्यांना पुरत नाही, लांब पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे त्याचा खाली लोंबणारा, चेन ताणून धरणारा भाग) घ्यावा लागतो, चेनपण लांब लागते, हे सगळं जुनं फ्रीव्हील निघाल्यावर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं? आकडा ऐकून आजी म्हणाल्या, "ह्यात थोडे घातले तर मोठी येईल की."

चढ आता खरंच सोपा झालाय, नाही म्हणत नाही. पण चाक लहान आणि पिंजरा लांब, त्यामुळे तो रस्त्यापासून जेमतेम चार बोटं वर लोंबतो. आमच्याकडे ज्याला वाटेल तो आपल्या गेटसमोर स्पीडब्रेकर घालून घेतो, ना पट्टे ना माप, एकेक तर नुसती डांबराची उशी. प्रत्येक ठिकाणी पोटात गोळा येतो. दोन ठिकाणी मी उतरून सायकल उचलून पलीकडे नेतो. घडीची सायकल उचलायला हलकी असते असं जे सांगतात त्यांनी रोज पावणेनऊला येऊन उचलावी.

आणि त्या पोराला सांगायचं राहूनच गेलं, की बाबा, तुझ्या २१ गिअरपैकी बरेचसे एकमेकांचे डुप्लिकेट आहेत, पुढचं चक्र बदललं तरी पायाला तेच लागतं. घरी आल्यावर सुचलं. कागदावर हिशोबपण मांडून ठेवलाय. येत्या शनिवारी हवा भरायला जाणार आहे, टायर टम्म आहेत तरी.