आधी फोन, रील नंतर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून एक फोटो येतोच. ब्रेडवरची हिरवी बुरशी, पनीरच्या भाजीतलं झुरळ, नाहीतर आंबलेली बासुंदी. खाली संतापाच्या इमोजींची रांग लागते, कुणीतरी 'व्हायरल करा याला' म्हणतं आणि संध्याकाळपर्यंत विषय पार्किंगवर घसरलेला असतो. अन्न व औषध प्रशासनाला फोन कुणी केला, असं विचारलं की सगळे चिडीचूप.

व्हिडिओ टाकायला माझी हरकत नाही, पण आधी तक्रार करा. कारण तुमच्या रीलमुळे पहिल्यांदा सावध होतो तो दुकानदार! तुमचा उघडलेला डबा तक्रारीला आधार म्हणून ठीक, पण केस उभी राहते ती अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः दुकानातून घेतलेल्या नमुन्यावर. त्याचे चार भाग करून सील होतात, एक अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे प्रयोगशाळेत अन्न तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो आणि अन्न सुरक्षा कायद्याने अहवाल 14 दिवसांत यायला हवा. हे सगळं माल दुकानात सापडला तर. दुपारी रील चढली की संध्याकाळी माल मागच्या दाराने पसार.

मागे पाडव्याच्या आदल्या दिवशी श्रीखंडाचा डबा आणला होता. झाकण फुगलेलं, उघडल्यावर ताडीसारखा भपकारा. तारखेचं स्टिकर जरा जाडच वाटलं म्हणून नखाने खरवडलं, तर खाली दुसरं स्टिकर आणि त्यावर केव्हाच उलटून गेलेली तारीख. दुकानदार सराईत. "ताई, सणासुदीचं कशाला उगाच? दुसरा डबा न्या, नाहीतर पैसे परत घ्या." बहुतेक जण इथेच गार होतात. पैसे हातात पडले, राग गेला आणि उरलेले डबे पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत.

मी पैसे न घेता अन्न व औषध प्रशासनाला फोन लावला. बिल आहे का, बॅच नंबर काय, तसाच माल अजून फ्रीजमध्ये दिसला का, एवढंच त्यांनी विचारलं. नमुना घेतला गेला. पुढचं कळायला मात्र मलाच फोन करत राहावं लागलं, हेही सांगते. अधिकारी मोजके, दुकानं अफाट.

"अहो, कुणाच्या पोटावर पाय कशाला?" हे तर ठरलेलं. गंमत म्हणजे ही दया मोठ्या मिठाईवाल्याच्याच वाट्याला येते, पाणीपुरीच्या गाडीवर मात्र सगळे तुटून पडतात. तक्रार केली म्हणून दुकानाला लगेच टाळं लागत नाही. कायद्याच्या कलम 32 खाली आधी सुधारणेची नोटीस निघते, मुदत मिळते. तरीही सुधारला नाही तर परवाना निलंबित.

जून 2024 मधलं मालाडचं प्रकरण आठवा. एका डॉक्टरच्या आइस्क्रीमच्या कोनात माणसाच्या बोटाचा तुकडा निघाला. त्या डॉक्टरने तो फेकून न देता पोलीस ठाणं गाठलं, म्हणून डीएनए चाचणीतून माग थेट इंदापूरच्या कारखान्यातल्या कामगारापर्यंत पोचला. किळस येऊन ते डस्टबिनमध्ये गेलं असतं तर?

तेव्हा वेष्टन, बिल, उरलेला पदार्थ काही टाकू नका, फ्रीजमध्ये ठेवा. बिलावर 14 आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे दुकानाच्या अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक, असतो, 1 जानेवारी 2022 पासून तो सक्तीचा आहे. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेसमोर 'कधीपर्यंत खावी' ही तारीख लिहिणंही 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक आहे. नसेल तर तेही कळवा. महाराष्ट्रातला टोल फ्री नंबर 1800-222-365.

आणखी एक, जे फारसं कुणाला ठाऊक नसतं. कलम 40 प्रमाणे तुम्ही स्वतःही पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. मात्र तपासणीला देणार आहे, हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. फी भरावी लागते, नमुना नापास झाला तर ती परत मिळते. तुमच्यापैकी कुणी केलंय का हे? काय अनुभव आला, कमेंटमध्ये जरूर लिहा.