ईमेलवर मौन म्हणजे संमती का नाही: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा, की ११ जणांच्या समितीला गणपूर्ती (निर्णयासाठी लागणारी किमान सदस्यांची हजेरी), मुदत, मतांचे प्रकार हे जंजाळ हवंच कशाला? ईमेल टाकावा, दोन दिवस थांबावं, कुणाची हरकत आली नाही तर ठराव मंजूर धरावा. नियमांपायी साधी कामंही लटकतात.

साध्या कामांपुरतं तुमचं म्हणणं मला पटतं. त्याबद्दल पुढे लिहिलंय. पण बैठकीत गप्प बसलेल्या सदस्याने विषय निदान ऐकलेला असतो. ईमेलवर गप्प असलेल्याचं पत्र स्पॅममध्ये पडलेलं असू शकतं. त्याचं मौन होकारात धरलं, तर न वाचलेल्या पत्रावर त्याचं मत आपणच टाकलं असं होतं.

बैठकीचा नियम जसाच्या तसा ईमेलला लावणंही चुकीचंच. सदस्य ११, गणपूर्ती ६, आलेल्या मतांत बहुमत मिळालं की मंजूर, असा नियम धरा. ५ जणांनी ‘संमत’ कळवलं. सहावा विरोधात आहे. त्याने ‘असंमत’ लिहिलं, की त्याच्याच उत्तराने गणपूर्ती होते आणि ठराव ५ विरुद्ध १ असा मंजूर होतो. तो गप्प राहिला तर ठराव बारगळतो. म्हणजे उघडपणे विरोध नोंदवणाराच हरतो! हे एकदा ध्यानात आलं की विरोधातले लोक उत्तर देणंच सोडतात. म्हणून मंजुरीचा आकडा एकूण सदस्यसंख्येवर बांधा: ११ पैकी ६ ‘संमत’. मग गणपूर्ती वेगळी मोजावी लागत नाही आणि गप्प राहून कुणाला काही साधता येत नाही.

नियमात ‘निम्म्याहून अधिक’ असंच लिहा, ‘५१ टक्के’ नको. १०१ सदस्यांत निम्म्याहून अधिक म्हणजे ५१, पण ५१ टक्के म्हणजे ५२. भांडण नेमकं त्या एका मतावर होतं. दोन तृतीयांश हवे असतील तर अपूर्णांक वर न्यायचा, म्हणजे ११ पैकी ८. रिक्त जागा आणि हितसंबंध असल्यामुळे बाजूला झालेले सदस्य एकूण संख्येत धरायचे की नाही, तेही आधीच ठरवा. दोन जण वगळले की ९ उरतात आणि ५ मतं पुरतात.

सगळ्यात जास्त घोळ ‘होय, पण रक्कम थोडी कमी करा’ अशा उत्तरांनी होतो. सचिव ते होकारात धरतो, लिहिणाऱ्याला ती अट वाटत असते. सशर्त होकार मोजायचाच नाही. त्यासाठी आधी ३ दिवस चर्चा, मग मजकूर गोठवून ४ दिवस मतदान. मतदानाचा ईमेल नव्याने पाठवायचा. विषयात ठराव क्रमांक, मुदतीची तारीख-वेळ, आणि उत्तराला चारच पर्याय: संमत, असंमत, तटस्थ, बैठक हवी. मजकुरात एक शब्द बदलला तरी नवा क्रमांक, नवं मतदान. एक तृतीयांश सदस्यांनी, म्हणजे ११ पैकी ४ जणांनी, बैठक मागितली तर विषय बैठकीत जातो. सहावं ‘संमत’ आलं म्हणून मुदतीआधी मतदान बंद करू नये. तोवर मत बदलण्याचा आणि बैठक मागण्याचा हक्क शाबूत असतो.

आता तुमचा मुद्दा. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या संस्थेचे प्रकल्प वर्षानुवर्षं ईमेलवरच निर्णय घेतात आणि तिथे कोडमधल्या किरकोळ बदलांना मौन ही संमती मानतात. पण नवी आवृत्ती प्रसिद्ध करायची तर किमान ३ होकार लागतात, ते नकारांपेक्षा जास्त असावे लागतात आणि मतदान साधारणपणे निदान ७२ तास खुलं ठेवतात. मला हा भेद अगदी योग्य वाटतो: कोड मागे घेता येतो, बाहेर पडलेली आवृत्ती परत आणता येत नाही.

तुमच्याकडेही तसं करा. बैठकीची तारीख, पत्राचा मसुदा, आधीच मंजूर रकमेतला खर्च, इतक्यापुरती ७२ तासांची ‘हरकत नसल्यास’ पद्धत ठेवा आणि एकाही सदस्याची हरकत आली की विषय रीतसर मतदानात न्या. मात्र ही यादी आणि ईमेलवर ठराव करण्याचा अधिकार, दोन्ही आधी प्रत्यक्ष बैठकीत मंजूर करून नियमावलीत घाला. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ईमेल-ठरावाची फक्त ‘नोंद’ घ्यायची. तिथे पुन्हा ‘मंजुरी’ मागितली, तर मधल्या काळात त्यावर केलेला खर्च कशाच्या आधारावर केला, हा प्रश्न उभा राहतो.