लक्का कबुतर आणि लकव्याचा इलाज

कोल्हापुरातल्या कबुतरांच्या नादिष्टांमध्ये, आणि आता घराघरांतल्या फॅमिली ग्रुपांवरही, एक मेसेज फिरतोय. शेपूट पंख्यासारखी उघडलेल्या पांढऱ्याशुभ्र लक्क्याचा फोटो आणि खाली मजकूर: "लक्का म्हणजे मोर आणि कबुतर यांच्या संकरातून राजदरबारात तयार झालेलं दैवी कबुतर. पूर्वी पन्हाळ्यावरून निरोप हेच नेत. ज्याच्या दारी लक्का, त्याचा लाख पक्का. लकवा झालेल्या माणसाच्या खोलीत जोडी ठेवा, पंखांच्या वाऱ्यानं वाकडं तोंड सरळ होतं. म्हणूनच नाव लक्का!" आणि सगळ्यात शेवटी 'जोडीसाठी संपर्क'.

ही शेवटची ओळ वाचली की वरच्या सगळ्या ओळी कशासाठी लिहिल्यात ते कळतं. पण मेसेज पुढं ढकलणारे सगळेच काही कबुतरं विकत नाहीत. त्यांच्यासाठी एकेक मुद्दा घेतो.

आधी मोर. हा समज कुठून आला असावा याचा अंदाज करता येतो. जर्मन आणि फ्रेंच भाषांत या जातीचं नावच 'मोर-कबुतर' अशा अर्थाचं आहे. पण ते रूपावरून पडलेलं, कुळावरून नव्हे. मोर हा कोंबडीच्या गणातला. त्याचं पिल्लू साधारण 28 दिवसांनी अंड्यातून बाहेर पडतं आणि लगेच आईमागं चालायला लागतं. कबुतराची दोन अंडी 17-18 दिवसांत फुटतात, पिल्लं डोळे मिटलेली असतात आणि नर-मादी दोघंही घशातल्या पिशवीतलं 'दूध' त्यांना भरवतात. या दोन घराण्यांचा संकर होत नाही. शिवाय मोर जो पिसारा फुलवतो ती त्याची शेपूट नव्हेच. ती शेपटीवर उगवलेली लांब पिसं. खरी शेपूट त्यांना मागून टेकू देते. लक्क्याचा पंखा मात्र अस्सल शेपटीचा असतो. साध्या कबुतराच्या शेपटीत बहुधा 12 पिसं, लक्क्याच्या शेपटीत 30 ते 40.

एवढी पिसं आली कुठून? माणसानं हळूहळू वाढवली. डार्विननं जुन्या नोंदी गोळा करून ठेवल्यात: 1677 मध्ये 26 पिसांच्या लक्क्याचा उल्लेख, 1735 मध्ये 36 आणि 1824 मध्ये फ्रान्समध्ये 42. दर पिढीत ज्याची शेपूट जास्त भरदार, त्याचीच जोडी लावायची, एवढाच तो दैवी चमत्कार. याच हव्यासात पिसांना तेल पुरवणारी शेपटीच्या बुडाची ग्रंथी कित्येक लक्क्यांत नाहीशी झाली, हेही त्यानं लिहून ठेवलंय.

पण मोराचा दावा कायमचा निकालात काढणारा प्रयोग वेगळाच आहे. डार्विन स्वतः कबुतरं पाळायचा. त्यानं पांढरे लक्के आणि 'बार्ब' जातीची काळी कबुतरं यांच्या जोड्या लावल्या. पिल्लं तपकिरी-काळी, ठिपकेदार निघाली. त्या पिल्लांच्या पुन्हा आपसात जोड्या लावल्या, तर एक नातवंड निघालं निळसर राखाडी, पंखावर दोन काळे पट्टे, पाठीचा खालचा भाग पांढरा. म्हणजे हुबेहूब रानातला पारवा. 1859 च्या ग्रंथात त्यानं हे सांगितलंय. लक्क्याच्या रक्तात दडलेला पूर्वज बाहेर आला तो हा. राखाडी अंगाचे, दोन पट्ट्यांचे त्याचे भाऊबंद बघायला लांब जायला नको; अंबाबाईच्या देवळापाशी किंवा भवानी मंडपात मान वर केली की पुरे.

निरोपाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. लक्का उडतो, पण कौलावरून अंगणात येण्यापुरता. एवढी शेपूट वाऱ्यात घेऊन लांब पल्ला मारणं त्याच्या आवाक्यातलं नाही. ओडिशा पोलिसांनी 1946 पासून कबुतरांची टपालसेवा चालवली, तिच्यात होती लांबून घर गाठणाऱ्या बेल्जियन होमर जातीची कबुतरं; लक्क्याला पन्हाळ्यावरून सोडला तर निरोपाआधी ससाणाच त्याच्यापर्यंत पोचेल.

आता लाख. आपला लाख संस्कृत 'लक्ष'वरून आला. लक्का मात्र फारसी-उर्दूत 'काफ' या घशातून उच्चारायच्या अक्षरानं लिहितात, तिथं 'ख'चा मागमूस नाही. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथातही, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, हे नाव येतं. त्याला कौतुक आहे ते लक्क्याच्या घुमण्याचं आणि ऐटीत धरलेल्या मानेचं. अकबराच्या दरबारी वीस हजारांवर कबुतरं होती आणि या छंदाला बादशहा 'इश्कबाजी' म्हणायचा. त्याला लाखांची ददात नव्हतीच, त्यामुळं त्याचा दाखला देऊन उपयोग नाही म्हणा. हिंदीत तर 'लक्का कबूतर' हे नाचातल्या एका गतीचंही नाव आहे. नाचणारा कमरेतून इतका वाकतो की डोकं जमिनीजवळ जातं. लक्का मान मागं टाकून छाती फुगवतो ते ज्यानं पाहिलंय, त्याला हे नाव लगेच पटेल. नावाभोवती ऐट आहे, लचक आहे, नखरा आहे. पैसा कुठंच नाही.

हे सगळं हसून सोडून दिलं असतं, पण लकव्याचं सोडता येत नाही.

लकवा हा शब्द अरबीतून आला आणि युनानी वैद्यकात तो तोंड वाकडं होण्याच्या आजाराला वापरतात. लक्का-लकवा कानाला जवळचे वाटतात, त्यात कबुतराच्या पंखांचा वारा लकव्याला चांगला ही समजूत आपल्याकडं जुनीच. गोम अशी की चेहऱ्याच्या नसेला सूज येऊन तोंड वाकडं होतं, त्यातले बहुतेक रोगी काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत बरे होतात. खोलीत कबुतर असो वा नसो. त्यांचं श्रेय कबुतराला जातं. त्यातही पहिल्या 72 तासांत औषध सुरू झालं तर बरं होण्याची शक्यता वाढते, आणि न मिटणारा डोळा जपावा लागतो.

पण तेच वाकडं तोंड मेंदूत रक्ताची गुठळी अडकल्यानं झालेलं असेल तर? हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय? तिथं गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. घरच्यांनी दोन्हीतला फरक ओळखत बसू नये, थेट मोठा दवाखाना गाठावा. जोडी शोधायला गंगावेशीत एक फेरी मारली तरी त्यातला मोलाचा वेळ गेला.

दवाखान्यातून घरी आलेल्या रोग्याच्या खोलीतही कबुतर नको. पिसांची भुकटी आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसात जाऊन काहींना ॲलर्जीचा आजार जडतो. तो वर्षानुवर्षं चालला तर फुप्फुसं कडक होतात. अंथरुणाला खिळलेल्या, नीट गिळता-खोकता न येणाऱ्या माणसाला बंद खोलीत ही धूळ कशाला हुंगायला लावायची?

लक्का हौसेनं पाळायचा असेल तर जरूर पाळा. ढाबळ माणसांच्या खोलीपासून लांब, कोरडी आणि वाऱ्याच्या झोतापासून आडोशाला असू द्या, साफ करताना नाकाला मास्क लावा. जोडी लावायच्या आधी शेपटीखालची पिसं थोडी कातरावी लागतात, नाहीतर या थाटाच्या शेपटीपायी अंडी फळत नाहीत, पोकळ निघतात. 'जोडीसाठी संपर्क'वाल्यानं मेसेजमध्ये एवढं जरी लिहिलं असतं, तरी गिऱ्हाइकाच्या कामी आलं असतं.