परत आलेल्या दिव्याच्या कुरिअरचे पैसे कोणी सोसायचे?

"दिव्याचे पैसे मिळाले. पण दिवा माझ्याकडे नाही आणि कुरिअरचे पैसे मात्र येतानाचे नि जातानाचे, दोन्ही माझेच गेले. यात माझी चूक काय होती तेवढं सांगा."

काही वर्षांपूर्वी एका ताईंचा हा मेसेज आला होता. भांडणाचा सूर अजिबात नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. मी टेबल लॅम्प बनवते आणि ऑनलाइन विकते. लाकडाची बैठक आणि वर कापडी शेड. ताईंनी पांढऱ्या शेडचा दिवा मागवला होता, हातात पडला तो सायीच्या रंगाचा. फोटो मी काढला होता, वर्णनात 'पांढरा' हा शब्द मीच लिहिला होता. तरीही मी दिव्याची किंमत तेवढी परत केली, डिलिव्हरी चार्ज ठेवून घेतला आणि दिवा परत पाठवायचा खर्च त्यांनाच करायला लावला. कारण माझ्या पेजवर तसं लिहिलेलं होतं: 'डिलिव्हरी चार्ज कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.' हे वाक्य मी दुसऱ्या एका विक्रेत्याच्या पेजवरून जसंच्या तसं उचललं होतं. त्याचा अर्थ काय होतो याचा विचारच केला नव्हता.

त्याच दिवशी दोन्ही वेळचे पैसे पाठवले आणि माफी मागितली. पण ते वाक्य मला आजही किती तरी पेजवर दिसतं, म्हणून हे लिहितेय.

कुरिअरचे पैसे म्हणजे किरकोळ बाब, असं मानून आपण हा विषय सोडून देतो. मोठ्या आकाराच्या, हलक्या वस्तू विकणाऱ्यांना विचारा. कुरिअर कंपन्या नुसतं वजन बघत नाहीत, खोका किती जागा अडवतो तेही बघतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बऱ्याच कंपन्यांच्या हिशेबात त्याला ५००० ने भागायचं. माझा खोका ४० बाय ४० बाय ५०. गुणाकार ८०,०००, भागाकार १६. म्हणजे आत ३ किलोचा दिवा असला तरी पैसे १६ किलोचे. हे दोनदा भरायचं. ज्या ताईंना हवा तो दिवा मिळालाच नाही, वापरायलाही मिळाला नाही, त्यांनी हे का भरावं?

तेव्हापासून रिटर्नची विनंती आली की मी पहिला प्रश्न एकच विचारते: हा दिवा परत का येतोय? बाकी सगळं त्या उत्तरावर ठरतं. वस्तू फुटली, बिघडली, चुकीची गेली किंवा वर्णनाशी जुळली नाही, तर जायचा-यायचा सगळा खर्च माझा. त्यात दुसरा विचार नाही. ग्राहकाचं मन बदललं असेल, घरात शोभत नसेल, तर परत पाठवायचा खर्च त्यांचा. इथपर्यंत बहुतेकांचं एकमत होतं. खरा वाद पुढचा आहे. मन बदललं असेल तर आधी घेतलेला डिलिव्हरी चार्ज परत द्यायचा की नाही?

माझं पूर्वीचं मत ठाम 'नाही' असं होतं. मी खोका भरला, कुरिअरने तो पोहोचवला, काम झालं, मग पैसे कसले परत? पण या प्रश्नावर न्यायालयात लढाई झालेली आहे हे कळलं आणि मी थांबले. जर्मनीतली एक कंपनी घरपोच माल पाठवताना ४.९५ युरो डिलिव्हरी चार्ज घ्यायची आणि ग्राहकाने माल परत केला तरी तो ठेवून घ्यायची. ग्राहक संघटनेने दावा केला. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २०१० मध्ये निकाल लागला की असा चार्ज ग्राहकावर टाकता येणार नाही. कारण साधं होतं: परत करण्याचा हक्क कागदावर दिला, पण तो वापरताना खिशाला चाट बसणार असेल तर लोक तो वापरायला कचरतील. पुढे युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात, म्हणजे सदस्य देशांनी पाळायच्या नियमांत, ही गोष्ट स्पष्टच लिहिली गेली. माल हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगता करार रद्द करता येतो आणि विक्रेत्याने किमतीबरोबर पाठवण्याचा साधा खर्चही परत करायचा. ग्राहकाने हौसेने महागडी जलद डिलिव्हरी निवडली असेल तर तो वरचा फरक मात्र विक्रेत्याने द्यायचा नाही. परत पाठवायचा खर्च ग्राहकाचा, पण ते त्याला आधी सांगितलेलं असेल तरच. सांगितलं नसेल तर तोही विक्रेत्यावर.

ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. जातानाचा खर्च विक्रेत्याचा, येतानाचा ग्राहकाचा. जलद डिलिव्हरीचा फरकही किती नेमका ओळखलाय बघा.

सगळीकडे असं नाही. चीनमध्ये २०१४ पासून ऑनलाइन घेतलेला बहुतेक माल ७ दिवसांत कारण न देता परत करता येतो, पण परतीचा खर्च सहसा ग्राहकाचा. अमेरिकेत मन बदललं म्हणून ऑनलाइन घेतलेली वस्तू परत घ्यायलाच हवी, असा देशभराचा कायदा नाही, तिथे दुकानाचं स्वतःचं धोरण चालतं. भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी सदोष, बनावट किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, मन बदलल्याचा वेगळा हक्क मात्र नाही. पण कायदा जिथे संपतो तिथे माझी जबाबदारी संपते असं मला वाटत नाही. ग्राहकाने दिवा हातात घेऊन पाहिलेला नाही, कापडाला हात लावलेला नाही, तो लावून उजेड कसा पडतो हे बघितलेलं नाही. त्याने माझ्या फोटोवर विश्वास ठेवला आहे. त्या विश्वासाची जोखीम सगळी त्याच्यावरच टाकायची?

वाटेत फुटलेल्या मालाबद्दल तर मला चीडच येते. "कुरिअरने फोडलं, त्यांच्याशी बोला," असं सांगणारे विक्रेते आहेत. ग्राहकाचा त्या कुरिअरशी संबंध काय? कुरिअर मी निवडलं, पैसे मी दिले, पावती माझ्या नावावर. युरोपात आणि ब्रिटनमध्ये कायदाच सांगतो की माल प्रत्यक्ष ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत जोखीम विक्रेत्याची. अपवाद एकच, ग्राहकाने स्वतः आपलं कुरिअर ठरवलं असेल तर. माझ्याकडे फुटलेला दिवा गेला की मी आधी पैसे परत करते किंवा नवा दिवा पाठवते, कुरिअरशी भरपाईचं भांडण मग सवडीने करते. त्यासाठी ग्राहकाकडून फक्त फोटो मागते: फुटलेल्या भागाचा, आतल्या पॅकिंगचा आणि खोक्याचा सगळ्या बाजूंनी. खोका टाकू नका, एवढी विनंती करते. भरपाईचा दावा बहुतेक वेळा पॅकिंगवरच अडतो. काच आणि नाजूक वस्तू भरपाईतून वगळल्यात का, हे आपण कुरिअर ठरवतानाच वाचायला हवं. मी ते पहिला दिवा फुटल्यावर वाचलं.

आता उघडतानाचा व्हिडिओ. 'व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही' ही अट मला अन्यायाची वाटते. माणूस कामावरून दमून घरी येतो, पार्सल उघडतो. त्याने एका हातात फोन धरून, न थांबता, लेबलपासून चित्रीकरण करायचं, नाहीतर तो खोटारडा? फसवणूक होते, मला माहीत आहे. माझ्याकडेही एकदा माझ्या दिव्याऐवजी दुसराच जुना दिवा परत आला. त्यावर मी उपाय माझ्या बाजूने केला. प्रत्येक दिव्याच्या बैठकीखाली एक क्रमांक कोरते, पाठवण्याआधी त्याचा आणि खोक्याच्या वजनाचा फोटो काढते. परत आलेल्या खोक्याचं वजनही करते. यात ग्राहकाला काही त्रास नाही. एका लबाड माणसासाठी पन्नास सरळ माणसांना संशयाने वागवायचं नाही, हे मी माझ्यापुरतं पक्कं ठरवलं आहे.

आणि 'पॅकिंग उघडलं तर परत नाही' या वाक्याबद्दल. पॅकिंग न उघडता दिवा कसा दिसतो हे कळणार कसं? २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयापुढे एका गादीचं प्रकरण आलं होतं. ग्राहकाने वरचं प्लास्टिक काढलं म्हणून विक्रेता स्वच्छतेचं कारण देत परत घेईना. न्यायालयाने गादीची तुलना कपड्यांशी केली. कपडे आपण अंगाला लावून बघतो, परत करतो, ते स्वच्छ करून पुन्हा विकता येतात, तसंच गादीचं. प्लास्टिक काढलं म्हणून हक्क जात नाही. अर्थात महिनाभर वापरून शेडवर डाग पाडून परत पाठवलं तर वस्तूची जेवढी किंमत उतरली तेवढी कापणं योग्यच आहे. मीही कापते, पण फोटो पाठवून, किती आणि का ते सांगून. काहीही न सांगता कमी पैसे टाकणं मला पटत नाही. मागणीनुसार बनवलेल्या, कुणाचं नाव कोरलेल्या दिव्याचा प्रश्न वेगळा. तो दुसऱ्याला विकता येत नाही. तो मन बदललं म्हणून मी परत घेत नाही आणि ऑर्डर घेतानाच तसं लिहून देते.

एक व्यवहारातली गोष्ट नव्या विक्रेत्यांनी लक्षात ठेवा. ग्राहकाने बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत मिळवण्याचा दावा, टाकला असेल तर वेगळा रिफंड करायची घाई करू नका. एकदा बँक पैसे काढून घेते, एकदा आपण देतो, आणि दोनदा गेलेले पैसे परत मिळवणं कठीण होतं. ट्रॅकिंग, फोटो आणि झालेलं बोलणं बँकेला पाठवा, ग्राहकालाही तसं कळवा. रिफंड नेहमी ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने करा. "दुसऱ्या खात्यावर टाका" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

हे सगळं परवडतं का, असं मला विचारतात. सुरुवातीला नाही परवडलं. पेमेंट कंपनीचं शुल्कही बऱ्याचदा रिफंड केल्यावर परत मिळत नाही, तोही खड्डा. पण खर्च कमी झाला तो ग्राहकाला नाडून नाही. सगळ्या शेडचे फोटो मी दिवसाच्या उजेडात पुन्हा काढले, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून. मापं शब्दांत लिहिली आणि दिव्याशेजारी पुस्तक ठेवून एक फोटो टाकला. 'रंग वेगळा आला' आणि 'वाटला त्यापेक्षा लहान निघाला' या दोन तक्रारी जवळजवळ थांबल्या.

एका ठिकाणी मात्र माझा हिशेब अजून बसलेला नाही. तीन दिवे एकत्र घेतले तर मी डिलिव्हरी फुकट देते. परवा एकांनी तीन घेतले आणि मन बदललं म्हणून दोन परत केले. एकच दिवा घेतला असता तर त्यांना डिलिव्हरी चार्ज पडला असता. तो आता रिफंडमधून कापायचा का? कापला तर 'फुकट' म्हणून दिलेलं नंतर हिसकावून घेतल्यासारखं होतं. नाही कापला तर तीन मागवून दोन परत करायची वाट मीच मोकळी करून देते. या वेळी मी कापला नाही, कारण माझ्या पेजवर याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. पण आता लिहायला हवं आणि काय लिहायचं ते सुचत नाही. तुमच्यापैकी जे विकतात त्यांनी सांगा, तुम्ही काय करता आणि ग्राहकाला ते आधी कोणत्या शब्दांत सांगता?